भक्ष्य वस्तू

४ मार्च, मंगळवार

सहा यंत्रं आली. फीत कापली. टाळ्या झाल्या. मंत्र्यांनी एका यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला — बक्षीस मिळवलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. डायलिसिसची यंत्रं, परदेशी मदतीतून, थेट आमच्या सरकारी रुग्णालयात! प्रत्येकावर देणाऱ्यांच्या झेंड्याचं स्टिकर. ते केवढं असावं याला त्यांच्या कायद्यात वेगळं कलम आहे. मला ते पाठ आहे. परदेशी मदत कक्षाची विधी अधिकारी म्हणून माझं डोकं असल्याच सामानाचं गोदाम झालंय.

समारंभ संपल्यावर साहेबांना गाठलं. साहेब म्हणजे आमचे संचालक. विचारलं, "यंत्रं आली. फिल्टर आणि नळ्या कशातून घ्यायच्या?" फिल्टर नसेल तर यंत्र म्हणजे भिंतीला टेकवलेलं कपाट. साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, "बघू. वरून येऊ दे." वरून आजवर फक्त पंख्याची धूळ आलेली मी पाहिली आहे.

घोडं कुठे अडलंय ते त्यांनाही माहीत आहे. देणाऱ्यांच्या संसदेचा कायदा आहे — मदतीचा पैसा टिकाऊ वस्तूंवरच खर्च करायचा, वापरून संपणाऱ्या वस्तूंवर नाही. बरोबरच आहे त्यांचं! संपलेल्या वस्तूवर स्टिकर कुठे चिकटवणार? आणि आमचं सरकार त्यांच्याहून दीडशहाणं. मदत येणार म्हणताच आरोग्य खात्याने फिल्टरची स्वतःची तरतूदच या वर्षापुरती काढून टाकली. दात आले आणि चणे गेले.

दादाला यातलं काही सांगितलं नाही. त्याने टीव्हीवर समारंभ पाहिला होता. "आता बस बंद ना गं माझी?" एवढंच विचारलं.

५ मार्च, बुधवार

यंत्रांवर प्लॅस्टिक परत चढवलं. धूळ बसू नये म्हणून म्हणे. खात्याची पहिली तत्पर कारवाई.

६ मार्च, गुरुवार

रजा टाकून दादाबरोबर गेले. सोमवार-गुरुवार तो शेजारच्या शहरात डायलिसिसला जातो — जायला अर्धा दिवस, यायला अर्धा, आणि मध्ये ते चार तास. एरवी वहिनी जाते. आज तिचा गुडघा धरला होता.

जन्मभर ज्याने सरकारी बस चालवली तो आता खिडकीशी बसून दुसऱ्याचं चालवणं सहन करतो. सहन कसलं! "बघ, बघ, क्लचवर पाय ठेवून बसलाय, घरचा झोपाळा आहे का?" असं अख्ख्या बसला ऐकू जाईल इतक्या हळू. जाताना हे. येताना मात्र एक शब्द नाही. डोकं मागे टाकलेलं, ओठ पांढरे. वळणावर त्याचा रक्तदाब इतका उतरला की कंडक्टरने गाडी थांबवून त्याला मागच्या बाकावर आडवा केला. माझ्या मांडीवर डोकं घेतलं तेव्हा लक्षात आलं, दादाच्या डोक्याला वजनच राहिलेलं नाही.

घरापासून नवी यंत्रं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. प्लॅस्टिकखाली.

१० मार्च, सोमवार

दादा म्हणाला, "आठवड्यातून एकदाच जातो आता. दोनदा झेपत नाही." डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "फेरी चुकवली तर पंधरवड्यात छातीत पाणी भरेल. मग मला विचारू नका." वहिनीने फोन घेतला, ऐकला, ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच.

साहेबांना परत विचारलं. वरून आलेलं नाही.

१२ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत करमणूक केली. मदतीच्या कराराची आमच्या भाषेतली प्रत काढली आणि मोठ्याने वाचून दाखवली. हे भाषांतर महर्षींचं. महर्षी म्हणजे तळमजल्यावरच्या भाषा विभागाचा अनुवादक. नाव मीच पाडलंय. हा माणूस कोश उघडतो, समोर दिसेल तो सगळ्यात जड शब्द उचलतो आणि खाली उतरवतो — हमालासारखा, आत काय आहे ते न बघता. वर त्याचा अभिमान! माझी खात्री आहे, घरी पाणी मागतानासुद्धा तो 'जलप्राशन' म्हणत असेल.

करारातल्या 'वापरून संपणाऱ्या वस्तू' या माणसाने काय केल्या असतील? 'सदर निधीतून कोणत्याही भक्ष्य वस्तूंची खरेदी करता येणार नाही.' भक्ष्य! म्हणजे खाण्याजोग्या! आम्ही परदेशाशी करार केलाय की वाघाशी? सगळे पोट धरून हसले. टंकलेखक बाईंना ठसका लागला.

आणि दारात महर्षी. पाण्याची बाटली भरायला वर आला होता — तळमजल्यावरचं मशीन बिघडलंय. सगळं ऐकलं असणार. म्हणाला, "मॅडम, मग काय शब्द हवा होता?"

मी म्हटलं, "मला कशाला विचारता? बाजारात जा आणि कुणालाही विचारा, डायलिसिसची नळी कोण खातं? 'वापरून संपणाऱ्या' लिहिलं असतं तर पेन झिजलं असतं का तुमचं?"

परत हशा. तो बाटली न भरताच गेला. जाऊ दे. थोडी अक्कल आली तर आली. त्याचे कान लाल झाले होते, पण.

१३ मार्च, गुरुवार

आज वहिनी दादाला घेऊन गेली होती. संध्याकाळी आली ती त्याच्या पथ्याचा कागद घेऊन — केळं नाही, टोमॅटो नाही, नारळपाणी नाही. मी उगाच शहाणपणा केला, "वहिनी, पेरू द्यायचा का नाही ते विचारलंत का?" ती दमलेली होती. म्हणाली, "अगं, डॉक्टरांनी नको म्हटलं ते नको. नको म्हटलेलं नाही ते चालतं. एवढं कळत नाही, आणि म्हणे वकील!"

नको म्हटलेलं नाही ते चालतं.

मी हातातली वाटी तशीच ठेवली. करारात 'भक्ष्य' वस्तू नको म्हटलंय. फक्त भक्ष्य. फिल्टर भक्ष्य नाही. नळी भक्ष्य नाही. दात रोवून खायचं म्हटलं तरी चावता येणार नाही! आणि करार करताना आमच्या मंत्र्यांना स्वाभिमानाचा झटका आला होता — आपली भाषा काय कमी आहे, दोन्ही भाषांतल्या प्रती सारख्याच प्रमाण हव्यात. शेवटच्या कलमात तसं छापलंय. तेव्हा मी त्यावरही हसले होते.

म्हणजे एका मंत्र्याचा पोकळ डौल आणि एका महर्षीचं ढळढळीत अज्ञान, दोन्ही मिळून फिल्टर घ्यायची परवानगी देतात. मी बावीस वर्षं शिकून-सवरून दिली नाही, ती या दोघांनी झोपेत देऊन ठेवली आहे.

टिपणी लिहायला घेतली.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी टिपणी वाचली. परत वाचली. चष्मा काढला. "पण मॅडम, मूळ अर्थ तर तसा नाही ना?"

"अर्थ कुणी विचारलाय, साहेब? शब्द काय आहे ते बघा."

"पण ही चूकच आहे ना?"

"प्रमाण प्रतीत चूक नसते. जे आहे ते प्रमाण."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग हळूच, "यावर सही कुणाची लागेल?" बघा! धर्मसंकट नैतिक नव्हतंच, सहीचं होतं. मी म्हटलं, माझी. चेहरा असा खुलला जणू त्यांचाच रक्तदाब जागेवर आला.

१८ मार्च, मंगळवार

फाईल साहेबांच्या टेबलावर. वर पेपरवेट. पेपरवेटला काम मिळालं, एवढीच प्रगती.

दादा काल गेला नाही. "अंग दुखतंय," म्हणाला. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि भरतच नाही.

१९ मार्च, बुधवार

साहेबांच्या दालनात गेले, पेपरवेट उचलला आणि फाईल स्वतःच पुढे घेऊन गेले. ते म्हणाले, "अहो, अहो!" बस्स. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांचा हा सर्वांत तीव्र निषेध असावा.

२५ मार्च, मंगळवार

आज जावई आला.

जावई म्हणजे देणाऱ्यांचा हिशेब तपासणारा अधिकारी. तो आला की आमचं कार्यालय मुलीकडच्या मंडळींसारखं धावत सुटतं — खुर्ची पुसा, पडदे सरळ करा, चहात साखर किती. म्हणून जावई. तरुण आहे, सडपातळ, आमची भाषा पुस्तकातून शिकलेला. त्यामुळे तो आमच्यापेक्षा शुद्ध बोलतो आणि बोलला की आपल्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

साहेब आजारी पडले. सकाळीच. फोनवर आवाज ठणठणीत होता.

तेव्हा मी एकटी. जावयाने कलमावर बोट ठेवलं. "भक्ष्य. या शब्दाचा अर्थ मी कोशात पाहिला. म्हणजे जे खाल्ले जाते ते?"

"हो."

"उदाहरणार्थ, बिस्किटे?"

"बिस्किटं अजिबात घेता येणार नाहीत," मी म्हटलं. गालाचा आतला भाग चावून धरला होता.

"आणि रक्त गाळण्याचा फिल्टर?"

"तो आमच्याकडे कुणी खात नाही."

तो हसला नाही. खिडकीकडे बघत बसला. मग म्हणाला, "मॅडम, मी ते रुग्णालय पाहून आलो. सहा यंत्रे आणि सहा प्लॅस्टिकच्या चादरी. माझ्या देशाच्या कायद्याने माझे हात बांधलेले आहेत. पण तुमची प्रत प्रमाण आहे, हेही माझ्याच देशाने मान्य केले आहे." मग एकेक शब्द मोजून, "ही चूक आहे असे कुणी लेखी म्हणेपर्यंत ती चूक नाही. पण तुमच्याच भाषा विभागाने शुद्धिपत्रक काढले, तर मला त्याच दिवशी खरेदी थांबवावी लागेल आणि घेतलेला माल असेल तिथे सील करावा लागेल. मग माझा इलाज नाही."

मी म्हटलं, "आमचा भाषा विभाग स्वतःहून काही करेल अशी भीती बाळगू नका. त्यांचं पाणी प्यायचं मशीनसुद्धा महिनाभर बंद आहे."

त्याने 'हरकत नाही' लिहिलं. हरकत नाही! दोन शब्द. तेही शुद्ध.

जिन्यावर वाटलं, महर्षीला एकदा सांगून ठेवावं का? मग म्हटलं, कशाला. त्याला समजावत बसायचं म्हणजे गाढवापुढे गीता. शिवाय 'तुमच्या चुकीमुळे काम झालं' असं त्याच्या तोंडावर म्हणायचं? मान ताठ करून फिरेल वर्षभर.

२६ मार्च, बुधवार

साहेब बरे झाले. 'आपण' करून दाखवलं म्हणाले.

३ एप्रिल, गुरुवार

मागणी गेली. पुरवठादाराच्या गोदामात माल पडूनच होता. कुणी मागेल याची वाट बघत. इतके दिवस माल इथे, यंत्रं इथे, माणसं इथे, आणि मध्ये एक शब्द!

रुग्णालयाच्या यादीत दादाचं नाव पहिल्या तुकडीत. हे मी सांगून करून घेतलं नाही. सांगायला लागलं असतं तर सांगितलं असतं, ते वेगळं.

१७ एप्रिल, गुरुवार

दादाची शेवटची बस. मी मुद्दाम गेले. जाताना त्याने ड्रायव्हरला दोष दिला नाही, उलट उतरताना खांद्यावर थाप मारली, "चांगला हात आहे रे तुझा. फक्त क्लच सोड." ड्रायव्हर बिचारा खाली उतरून त्याच्या पाया पडला. हा त्याच्याच हाताखाली शिकलेला निघाला! वर्षभर शिव्या खात गप्प बसला होता.

तिथल्या केंद्रात दादाची खाट लगेच दुसऱ्याला दिली. लांबलचक रांग आहे तिथे. एक बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन दारातच उभी होती, हातात चादर घेऊन. दादा त्यांना म्हणाला, "घ्या, खिडकीकडची आहे." वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागे तर लागत नाही ना आपण?" मी म्हटलं, वहिनी, सरकारी काम आहे, ते पळत नसतं. हसली बाई. फार दिवसांनी.

२१ एप्रिल, सोमवार

झालं! दादा चालत गेला, चालत आला. उन्हं उतरायच्या आत घरी. ओठांना रंग होता. जेवला आणि पेपर मागितला. वहिनी त्याच्या पायाशी बसून उगाच मोजे सारखे करत होती. "यंत्र कसं आहे?" मी विचारलं. "नवीन गाडीसारखं," तो म्हणाला, "आवाज नाही. नर्स म्हणाली गुरुवारी हीच खाट तुमची."

मी न्हाणीघरात जाऊन रडले. लिहायला लाज कसली, इथे कोण वाचतंय.

आयुष्यभर लोकांना मूर्ख म्हणत आले आणि शेवटी एका मूर्खाच्या चुकीवर भाऊ जगतोय. त्याचे आभार मानायला हवेत, असं आज पहिल्यांदा वाटलं. मानेन. सवडीने.

२२ एप्रिल, मंगळवार

जिन्यात महर्षी भेटला. इस्त्रीचा सदरा, हातात फाईल. थांबला. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही बोललात ते लागलं मला. पण विचार केला, तुमचं पटलं. मी बाजारात खरंच विचारून आलो. तुमच्याच शब्दांत करतोय काहीतरी."

काहीतरी! कविता करत असेल. आभार मानायचे होते, पण साहेबांनी वरून हाक मारली आणि याच्याजवळ थांबलं की तासाची निश्चिंती. म्हटलं, "करा, करा. छान आहे." तो असा हसला की जसं काही पदकच दिलं.

किती थोडक्यात खूश होतात ही माणसं.

२३ एप्रिल, बुधवार

महर्षीने टेबलावर स्वतः आणून ठेवलं. शुद्धिपत्रक. '"भक्ष्य वस्तूंची" याऐवजी "वापरून संपणाऱ्या वस्तूंची" असे वाचावे. चूक निदर्शनास आणून दिल्याबद्दल विधी अधिकारी यांचे आभार.' देणाऱ्यांच्या कार्यालयाला प्रत सकाळीच हातोहात पोचवली म्हणाला. दुपारी जावयाचा फोन आला. "आता माझा इलाज नाही," एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत रुग्णालयातलं फिल्टरचं कपाट सील.

महर्षी दारात उभाच होता. "बघा ना मॅडम, आता बरोबर आहे का?"

वाचलं. एकही चूक नाही.

घरी दादाने उद्यासाठी सदरा काढून ठेवलाय.